नोडल की मेश? नेमकं कधी काय लावायचं?

रोधक_विरोधक
नमस्कार मंडळी. सर्किट थिअरीचा पेपर तोंडावर आलाय आणि एक गुंता काही सुटत नाहीये. 'नोडलने सोडवा' (म्हणजे नोडांची, वायरी जुळतात त्या बिंदूंची, व्होल्टेजं अज्ञात धरा) किंवा 'मेशने सोडवा' (म्हणजे सर्किटच्या प्रत्येक बंद खिडकीत फिरणारा करंट अज्ञात धरा) असं प्रश्नातच लिहिलं असेल तर जमतं. पण नुसतं 'व्होल्टेज काढा' म्हटलं की हात थबकतो. वर्गात सांगितलंय की दोन्हीकडची समीकरणं मोजा आणि जिथे कमी असतील ती पद्धत घ्या. मोजायची कशी, हे मात्र गुलदस्त्यात.

सध्या अडलेलं गणित देतो. चित्र चढत नाहीये, म्हणून शब्दांत. १२ व्होल्टची बॅटरी, ऋण टोक ग्राउंडला (शून्य व्होल्ट धरलेला नोड). धन टोकापासून २ किलोओहम 'अ' नोडपर्यंत. अ पासून ग्राउंडला ४ किलोओहम. अ आणि ब यांच्यामध्ये डिपेंडंट व्होल्टेज सोर्स, त्याचं धन टोक अ कडे. ४ किलोओहममधून खाली जाणारा करंट मिलीअँपिअरमध्ये घेतला, तर त्याच्या दुप्पट इतके व्होल्ट हा सोर्स देतो. ब पासून ग्राउंडला ६ किलोओहम. शिवाय १ मिलीअँपिअरचा करंट सोर्स ग्राउंडकडून ब मध्ये करंट ढकलतोय. अ आणि ब ची व्होल्टेजं हवी आहेत.

नोडल लावलं तर डिपेंडंट सोर्समधून जाणारा करंट काय लिहू? त्याला रोधच नाही. मेश लावलं तर करंट सोर्सवरचं व्होल्टेज काय लिहू? तेही माहीत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

फ्यूज_उडाला
नाणं उडवा. छापा आला तर नोडल, काटा आला तर मेश. उभं राहिलं तर सुपरपोझिशन.

(हलके घ्या.)

बोर्डवाली
नाण्याची गरज नाही. नोडल. डोळे मिटून नोडल.

मी दिवसभर बोर्ड डिझाइन करते आणि शेवटचं मेश कधी लावलं ते आठवतही नाही. कारण साधं आहे. मल्टिमीटरचं काळं टोक ग्राउंडला लावून लाल टोक कुठेही टेकवलं की जे दिसतं, ते नोड व्होल्टेज. कागदावरचं उत्तर थेट बोर्डवर पडताळता येतं. मेश करंट मोजायला जाल तर दोन मेशच्या सामाईक फांदीत दिसते ती दोन करंटची वजाबाकी. तो गोल फिरणारा करंट तिथे एकटा सापडतच नाही.

आणि ऑप-अँप (दोन इनपुटमधला फरक प्रचंड वाढवणारी चिप) आला की विषयच संपला. इन्व्हर्टिंग (ऋण) टोकावर एक समीकरण लिहायचं, दोन्ही इनपुटची व्होल्टेजं सारखी धरायची, काम फत्ते. फक्त ऑप-अँपच्या आउटपुट नोडवर करंटची बेरीज लिहायला जाऊ नका. तो हवा तेवढा करंट देतो किंवा खेचतो, त्यामुळे ते समीकरण उत्तराकडे नेत नाही, नुसता एक नवा अज्ञात घेऊन येतं.

सबस्टेशनकाका
बोर्डवालीताईंशी सहमत. आमची उभी हयात पॉवर सिस्टिममध्ये गेली, तिथेही नोडलचंच राज्य. ग्रिडमधली प्रत्येक बस (लाइनी जिथे एकत्र येतात ती जागा) म्हणजे एक नोड. सगळ्या लाइनींचे अ‍ॅडमिटन्स (म्हणजे करंट किती सहज जातो त्याचं माप) घेऊन वाय-बस मॅट्रिक्स भरायची, त्यावर लोड फ्लो, म्हणजे कुठून किती वीज वाहते त्याचा हिशेब, चालवायचा.

गंमत अशी की बसा हजारो असल्या तरी एका बसला जोडलेल्या लाइनी मोजक्याच. म्हणजे मॅट्रिक्सच्या एका ओळीत दोन-चार आकडे आणि बाकी सगळी शून्यं. ती शून्यं साठवायचीच नाहीत, आणि समीकरणं कोणत्या क्रमाने सोडवायची ते हुशारीने ठरवायचं, म्हणजे सोडवताना नवे आकडे फारसे उगवत नाहीत. १९६०च्या दशकात त्या काळच्या इवल्याशा मेमरीत मोठमोठी जाळी बसली ती या युक्तीमुळे. शिवाय नवी लाइन टाकली तर मॅट्रिक्सचे चारच आकडे बदलतात. मेशमध्ये नवी लाइन म्हणजे नवा मेश, आणि शेजारच्या मेशची मांडणीही पुन्हा तपासा.

दोन_ठिपके
जरा थांबा. सगळेच नोडलच्या पालखीला खांदा द्यायला निघालात, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

एकमेकींच्या चुंबकीय क्षेत्रात असलेल्या दोन कॉइल घ्या. ट्रान्सफॉर्मर म्हणा हवं तर. पहिल्या कॉइलवरचं व्होल्टेज दोन्ही कॉइलमधल्या करंटच्या बदलावर अवलंबून असतं. म्हणजे नियमच 'करंट दिला तर व्होल्टेज सांगतो' असा लिहिलेला आहे. मेशमध्ये तो जसाच्या तसा बसतो. ठिपके (कॉइल कोणत्या दिशेने गुंडाळलीय ते सांगणारी चित्रातली खूण) पाहून म्युच्युअल इंडक्टन्सचं, म्हणजे एका कॉइलच्या दुसरीवरच्या परिणामाचं, चिन्ह ठरवा आणि पुढे चला.

नोडलला हवा असतो त्याच्या उलट, व्होल्टेज दिलं तर करंट सांगणारा नियम. म्हणजे इंडक्टन्सची दोन बाय दोनची मॅट्रिक्स उलटी करणं आलं. तिचा डिटरमिनंट म्हणजे दोन्ही सेल्फ इंडक्टन्सच्या गुणाकारातून म्युच्युअलचा वर्ग वजा. कपलिंग पूर्ण असेल, म्हणजे कपलिंग गुणांक १, तर ही वजाबाकी शून्य. मॅट्रिक्स उलटतच नाही! कपलिंग ०.९९ असेल तर उलटते, पण आकडे असे फुगतात की कॅल्क्युलेटरवर चार अंकांनी काम करणाऱ्याचं उत्तर कुठल्या कुठे जातं.

ताई, ऑप-अँपला नोडल, मान्य. पण ट्रान्सफॉर्मरला नोडल लावून दाखवा, मग बोलू.

बोर्डवाली
@दोन_ठिपके, मुद्दा मान्य. ट्रान्सफॉर्मर आला की मी कागद बाजूला सारते आणि सिम्युलेटर (सर्किट सोडवणारा संगणक-प्रोग्राम) उघडते. तो नोडलच करतो ना, आणि उत्तरही देतो!

सिम्युलेटर_सुतार
ताई, इथे एक मेख आहे. सिम्युलेटर शुद्ध नोडल करत नाही.

शुद्ध नोडलला आदर्श व्होल्टेज सोर्स पेलवत नाही. कारण तेच, जे धागाकर्त्याने विचारलंय: त्याच्यातून जाणारा करंट व्होल्टेजवरून सांगता येत नाही. स्पाइस (प्रसिद्ध सर्किट सिम्युलेटर) बर्कलीत १९७३ साली आलं तेव्हा त्याचा गाभा नोडलचाच होता आणि ही अडचण त्यालाही होती. मग १९७५ साली हो, रुएली आणि ब्रेनन यांचा मॉडिफाइड नोडल अ‍ॅनालिसिसवरचा पेपर आला. युक्ती अगदी सरळ आहे. ज्या फांदीचा करंट लिहिता येत नाही, तो करंट खुशाल नवा अज्ञात धरा. एक अज्ञात वाढला, म्हणून एक समीकरणही वाढवा: 'या टोकाचं व्होल्टेज वजा त्या टोकाचं व्होल्टेज बरोबर सोर्सचं व्होल्टेज'. हिशेब जुळला. स्पाइसच्या दुसऱ्या आवृत्तीपासून हेच चालत आलंय.

दोन_ठिपके यांच्या कॉइलही तिथे अशाच बसतात. कॉइलचा करंट अज्ञात म्हणून ठेवला की मॅट्रिक्स उलटी करायची वेळच येत नाही. म्हणजे नोडलच्या घरात मेशवाल्यांसाठी एक खोली काढून ठेवलेली आहे.

स्पाइसमध्ये करंट मोजायचा असेल तर शून्य व्होल्टचा सोर्स मध्ये घालतात, त्याचंही कारण हेच. व्होल्टेज सोर्सचा करंट हा आधीच अज्ञातांच्या यादीत असतो, त्यामुळे तो आयता मिळतो.

फ्यूज_उडाला
शून्य व्होल्टचा सोर्स. म्हणजे पगारी, पण काम न करणारा.

शिकाऊ_इलेक्ट्रॉन
सुतारसाहेब, थोडं विषयाबाहेरचं विचारू? माझं सिम्युलेशन 'सिंग्युलर मॅट्रिक्स' म्हणून आपटतं. दोन कपॅसिटर एकामागे एक जोडलेत आणि बाकी सगळं ठीक दिसतंय.

सिम्युलेटर_सुतार
विषयाबाहेरचं नाही, हाच विषय आहे. स्पाइस आधी डीसी ऑपरेटिंग पॉइंट काढतं. डीसीला कपॅसिटर म्हणजे तुटलेली वायर. दोघांच्या मधल्या नोडपासून ग्राउंडला डीसीचा रस्ताच उरत नाही. त्या नोडचं समीकरण होतं 'शून्य बरोबर शून्य', म्हणजे त्याचं व्होल्टेज काहीही चालेल. मॅट्रिक्स तरी काय करणार बिचारी. त्या नोडपासून ग्राउंडला एक भलामोठा रोध टाका, एक गिगाओहम वगैरे. काम होईल.

याचा जुळा भाऊही सांगून ठेवतो. आदर्श व्होल्टेज सोर्सच्या टोकांना थेट इंडक्टर जोडला तरी डीसीत गाडी अडते, कारण तिथे इंडक्टर म्हणजे शॉर्ट. एकाच दोन नोडांमध्ये सोर्स म्हणतो ५ व्होल्ट, इंडक्टर म्हणतो शून्य.

शिकाऊ_इलेक्ट्रॉन
टाकला. चाललं! दंडवत स्वीकारा.

गणितवेडी
मूळ प्रश्न होता मोजायचं कसं. त्याला अजून कुणी हात लावला नाही, म्हणून लिहिते.

नोड मोजा, त्यातून एक वजा करा (ग्राउंड). मग प्रत्येक व्होल्टेज सोर्समागे आणखी एक वजा, कारण त्याने दोन नोडांचं नातं आधीच पक्कं केलंय. उरली ती नोडलची समीकरणं. मेशसाठी फांद्यांतून (प्रत्येक घटक ही एक फांदी) नोड वजा करा आणि एक मिळवा. त्यातून प्रत्येक करंट सोर्समागे एक वजा. डिपेंडंट सोर्सही यात धरायचे. दोन व्होल्टेज सोर्स समांतर आलेत असली विचित्र प्रकरणं सोडली तर हे मोजमाप चुकत नाही.

नमुन्याला ब्रिज बघा. वर १० व्होल्ट, खाली ग्राउंड. डावीकडे वर १ किलोओहम, खाली २. उजवीकडे वर २, खाली १. मध्ये आडवा १ किलोओहम. मेश तीन पडतात. नोडलमध्ये वरचा नोड १० व्होल्टला बांधलेला, म्हणून अज्ञात दोनच, डावा मधला 'ड' आणि उजवा मधला 'उ':

२.५ ड − उ = १०
२.५ उ − ड = ५

ड = ४०/७ आणि उ = ३०/७, म्हणजे ५.७१ आणि ४.२९ व्होल्ट. आडव्या रोधातून डावीकडून उजवीकडे १.४३ मिलीअँपिअर. मेशने हेच उत्तर येतं, पण तीन बाय तीनचं दळण दळून.

आता ही समीकरणं नुसती बघून कशी लिहिता येतात ते पाहा. ड शी जोडलेले कंडक्टन्स (१ भागिले रोध) १, अर्धा आणि १, बेरीज २.५. ड आणि उ यांच्यामधला कंडक्टन्स १, तो ऋण चिन्हाने. उजवीकडे सोर्सकडून येणारा भाग. नुसते रोध आणि स्वतंत्र सोर्स असतील तर मॅट्रिक्स सममित येते. आली नाही, तर मांडणीत गडबड आहे असं खुशाल समजा. डिपेंडंट सोर्स असला की ही खूण चालत नाही, तो सममिती मोडू शकतो.

मेशवाल्यांसाठी एक अट राहिलीच. फांद्या एकमेकींना न छेदता सर्किट कागदावर काढता आलं पाहिजे, तरच मेश हा शब्द लागू. काही सर्किट कितीही वळवली तरी तशी निघत नाहीत. ती ओळखायची नेमकी कसोटी कुरातोव्स्कीने १९३० साली दिली. तिथे मेशऐवजी साधे लूप निवडावे लागतात, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत हे आपल्यालाच बघावं लागतं. नोडलला सर्किट कसं काढलंय याचं सोयरसुतक नाही.

फ्यूज_उडाला
तीन घरं, तीन विहिरी, रस्ते एकमेकांना छेदायचे नाहीत. लहानपणी या कोड्याने वह्या भरल्या होत्या. ते सुटतच नाही हे कुणी सांगितलंच नाही!

गणितवेडी
@फ्यूज_उडाला, तेच ते. कुरातोव्स्कीच्या दोन मूळ आकृत्यांपैकी एक तीच. दुसरी म्हणजे पाच बिंदू, प्रत्येक बिंदू उरलेल्या चारांशी जोडलेला.

अँटेनावाला
एवढी चर्चा झाली, पण नोडल आणि मेश ज्यांवर उभे आहेत ते किरखॉफचे नियम (नोडपाशी करंटची बेरीज शून्य, बंद वाटेवर व्होल्टेजची बेरीज शून्य) मुळात कधी लागू पडतात याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. १८४५ साली त्याने ते मांडले तेव्हा तो कोनिग्सबर्गला विद्यार्थी होता आणि समोर होते स्थिर प्रवाह. आपण ते सर्रास एसीला लावतो. सर्किट तरंगलांबीच्या मानाने चिमुकलं असेल तर हरकत नाही. ५० हर्ट्झला तरंगलांबी ६,००० किलोमीटर, म्हणून टेबलावरच्या सर्किटला काही फरक पडत नाही. ३ गिगाहर्ट्झला ती १० सेंटीमीटर. तिथे वायरचं एक टोक आणि दुसरं टोक हा एकच नोड आहे असं म्हणणंच धाडसाचं.

सबस्टेशनकाका
बरोबर बोललात. शेकडो किलोमीटरची लाइन असेल तर ५० हर्ट्झलाही आम्ही तिला एक रोध, एक इंडक्टर म्हणून मोकळे होत नाही. लांब लाइनीचं वेगळं समीकरण लावतो आणि त्यातून निघालेलं पाय-मॉडेल (π अक्षराच्या आकाराचं छोटं सर्किट) वाय-बसमध्ये घालतो. नोडल मात्र तेच!

दोन_ठिपके
काका, फिरून फिरून गाडी नोडलवरच आणता.

खडूफळा
धागा उशिरा पाहिला. अनेक वर्षं हाच विषय शिकवतो आणि उत्तरपत्रिकाही तपासतो. धागाकर्त्याचं गणित अजून तसंच पडलंय, ते आधी उरकू.

रोधक_विरोधक, तुम्ही विचारता डिपेंडंट सोर्समधला करंट काय लिहू. उत्तर: लिहूच नका. अ आणि ब दोघांना एका मोठ्या कुंपणात घ्या आणि कुंपणाबाहेर जाणारे करंट तेवढे मोजा. हाच सुपरनोड. सोर्स कुंपणाच्या आत, त्यामुळे त्याचा करंट मोजणीत येतच नाही.

बाहेर जाणारे सगळे करंट धन धरू. रोध किलोओहममध्ये, करंट मिलीअँपिअरमध्ये, म्हणजे व्होल्ट आपोआप जुळतात:

(अ − १२)/२ + अ/४ + ब/६ = १

उजवीकडचा १ म्हणजे करंट सोर्स आत ढकलतोय तो. आता दुसरं नातं, खुद्द सोर्सचं. ४ किलोओहममधला करंट अ/४, त्याची दुप्पट अ/२. म्हणून अ − ब = अ/२, म्हणजेच ब = अ/२. वर घाला:

अ/२ + अ/४ + अ/१२ = ७

डावी बाजू १० अ/१२. अ = ८.४ व्होल्ट, ब = ४.२ व्होल्ट. संपलं.

मेशने करायचं तर उजव्या टोकाच्या मेशचं समीकरण लिहायचंच नाही. करंट सोर्स त्या एकाच मेशमध्ये आहे, म्हणून घड्याळाच्या दिशेने त्या मेशचा करंट थेट −१. सोर्सवरच्या व्होल्टेजचा प्रश्नच येत नाही. उरले दोन मेश, डाव्याचा करंट प आणि मधल्याचा द, दोन्ही घड्याळाच्या दिशेने:

६ प − ४ द = १२
८ द − २ प + ६ = ०

प = १.८, द = −०.३. दुसऱ्या समीकरणात ४ किलोओहमचे ४ आणि डिपेंडंट सोर्सचे २ एकमेकांत मिसळलेत, ते स्वतः मांडून बघा. तिथेच सगळे घसरतात.

तपासताना सर्वांत जास्त दिसणारी गफलत म्हणजे करंट सोर्सवरचं व्होल्टेज शून्य धरणं. 'त्याला रोध नाही, म्हणून व्होल्टेज नाही' असा काहीतरी समज असतो. त्याच्या टोकांवर किती व्होल्टेज येईल ते बाकीचं सर्किट ठरवतं. इथे ते ४.२ आहे. त्यानंतर नंबर लागतो तो अर्ध्या समीकरणात 'येणारे धन' आणि अर्ध्यात 'जाणारे धन' धरणाऱ्यांचा. कोणतीही एक दिशा धरा, पण ती शेवटपर्यंत धरा.

बोर्डवाली
म्हणजे एकच समीकरण विरुद्ध दोन. मी काही बोलत नाही.

दोन_ठिपके
ताई, या गणितात. १२ व्होल्टच्या मागचा २ किलोओहम काढून तिथे कपल्ड कॉइल लावा, मग बघू.

रोधक_विरोधक
खडूफळा सर, खूप आभार! कुंपणाची गोष्ट लगेच पटली. गणितवेडी ताईंच्या पद्धतीने मोजूनही पाहिलं. बॅटरीचं धन टोक धरून नोड चार, एक ग्राउंडचा गेला, दोन व्होल्टेज सोर्सचे दोन गेले, उरलं एक. मेशला फांद्या सहा, सहातून चार वजा अधिक एक म्हणजे तीन, करंट सोर्सचा एक गेला, उरले दोन. जुळलं.

पण एक शंका. द = −०.३ आलंय. म्हणजे डिपेंडंट सोर्समधून करंट ब कडून अ कडे जातोय? अ चं व्होल्टेज तर ब पेक्षा जास्त आहे. करंट चढावर कसा जाईल?

गणितवेडी
रोधात तो नेहमी उतारावरूनच जातो. सोर्समध्ये तसं बंधन नाही. बॅटरीच्या आत करंट ऋणाकडून धनाकडे जातोच की, म्हणून तर ती शक्ती देते. इथे डिपेंडंट सोर्सही शक्ती देतोय: ४.२ गुणिले ०.३ म्हणजे १.२६ मिलीवॉट.

हवं तर ताळा करून बघा. देणारे: बॅटरी १२ × १.८ = २१.६, करंट सोर्स ४.२ × १ = ४.२, आणि हे १.२६. बेरीज २७.०६ मिलीवॉट. घेणारे: २ किलोओहम ६.४८, ४ किलोओहम १७.६४, ६ किलोओहम २.९४. बेरीज पुन्हा २७.०६. दोन्ही बेरजा जुळल्या नाहीत तर चिन्ह कुठेतरी नक्की उलटं पडलंय.

रोधक_विरोधक
ताळ्याची युक्ती भारी आहे. आणि दोन_ठिपके काका, कॉइल लावून बघायला घेतलंय. ठिपका बॅटरीच्या बाजूला धरू की अ च्या?

दोन_ठिपके
कुठेही धर, पण दुसऱ्या कॉइलचा ठिपकाही लिही. एका ठिपक्यावरून चिन्ह ठरत नाही. आणि बॅटरी काढून तिथे एसी सोर्स घे, नाहीतर डीसीला दोन्ही कॉइल नुसत्या वायरी होऊन बसतील.